पैसे कशात घालायचे? दोन उपक्रमांचा खर्च आणि फरक कसा ताडून बघायचा

मार्च जवळ आला की आमच्याकडे दरवर्षी तीच चर्चा. ठाण्यातली आमची छोटी संस्था, वस्तीतल्या मुलांसाठी काम करते, मी हिशोब बघते. पुढच्या वर्षीचे पैसे कशात घालायचे यावर कोणी म्हणतं टॅब घेऊ, कोणी म्हणतं वर्गाला ताई ठेवू, कोणी म्हणतं आरोग्य शिबिरं करू, आणि शेवटी सगळी गाडी एका प्रश्नावर येऊन थांबते, "एका मुलामागे किती पडतात?" ज्याचा आकडा कमी तो जिंकला. मीही बरीच वर्षं असाच तक्ता करून द्यायचे. आता नाही करत, कारण या प्रश्नाने चुकीचं उत्तर मिळतं आणि ते चुकीचं आहे हे कळतही नाही. तुम्ही मंडळात असाल, सोसायटीच्या फंडातून काही करत असाल, किंवा ऐरोली-घणसोलीकडच्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे कंपनीने समाजकामावर करायच्या खर्चाचं, बघत असाल, तर हा हिशोब नीट कसा मांडायचा ते सांगते. गणित भागाकारापलीकडचं नाही.

आधी एक उदाहरण, कारण माझं मत यानेच बदललं. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर नावाची संस्था आहे, तिथल्या १३४ गावांत लसीकरणाचा अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. काही गावांत नुसतं ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर. काही गावांत तेच शिबिर, पण लसीला बाळाला आणलं की आईला १ किलो डाळ, आणि सगळे डोस पूर्ण झाले की थाळ्यांचा सेट. आणि काही गावांत यातलं काहीच नाही. जिथे काहीच नव्हतं तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के मुलांचं, नुसत्या शिबिराच्या गावांत १८ टक्के, डाळीच्या गावांत ३९ टक्के. आता तुम्ही म्हणाल हो पण डाळीचा खर्च वाढला ना. तर गंमत इथेच आहे, पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे खर्च नुसत्या शिबिरात २,२०२ रुपये आला आणि डाळ देऊन १,१०२. जास्त वस्तू देऊन निम्मा खर्च! कारण नर्स दिवसभर बसणारच आहे, तिचा पगार, गाडीचं पेट्रोल, लस थंड ठेवायचा बर्फ हे सगळं ठरलेलं, मग समोर ५ बाळं आली काय आणि १५ आली काय. डाळीने गर्दी झाली आणि तोच खर्च जास्त मुलांत वाटला गेला. "डाळ कशाला, खर्च वाढतो" असं म्हणून कोणी ती काटली असती तर पैसे वाचवतोय असं वाटलं असतं आणि खरं तर प्रत्येक मुलामागे दुप्पट गेले असते.

म्हणजे भागाकारात वर काय आहे यापेक्षा खाली काय टाकताय ते बघा. किती मुलं आली हे खाली टाकायचं नाही. किती मुलांमध्ये फरक पडला, आणि तो आपल्यामुळे पडला, हे टाकायचं.

कुठला फरक मोजायचा ते आधी एका ओळीत लिहा

"शैक्षणिक दर्जा उंचावणे" असलं लिहू नका, ते मोजता येत नाही. "तिसरीतलं जे मूल जूनमध्ये साधा परिच्छेद वाचू शकत नव्हतं ते एप्रिलमध्ये वाचायला लागलं" असं लिहा. दोन्ही उपक्रमांना हीच एक पट्टी लावायची. टॅबवाल्यांनी "मुलांनी इतके तास व्हिडिओ बघितले" सांगायचं आणि वर्गवाल्यांनी "हजेरी वाढली" सांगायचं, तर तुलना होणारच नाही.

वाचनासाठी पट्टी शोधत बसायची गरज नाही. 'प्रथम' नावाच्या शिक्षणातल्या संस्थेचं 'असर' हे सर्वेक्षण मुलांना वाचता येतं का, गणित येतं का ते बघतं, त्यात २००५ पासून वापरतात ती पद्धत घ्या, अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट, एकेका मुलाला समोर बसवून तोंडी. एका मुलाला काही मिनिटं लागतात, खर्च म्हणाल तर कागद छापायचा.

ही चाचणी स्वतः घ्या, निदान पाच-दहा मुलांची तरी. मी पहिल्यांदा दिघ्याला एका चाळीच्या जिन्यात बसून घेतली, आत वर्गात आवाज फार होता म्हणून. तिसरीतली मुलगी, दप्तर मांडीवर, बोट अक्षराखाली ठेवून "आ… ई… बा… जा…" आणि मग वर माझ्या तोंडाकडे बघायची, बरोबर आहे का ते माझ्या चेहऱ्यावर वाचायला. "बाजारात" हा शब्द तिने तीन तुकड्यांत वाचला आणि तिसरा तुकडा येईपर्यंत पहिला विसरली. आणि हिच्या वहीत धड्याखालची प्रश्नोत्तरं सुवाच्य अक्षरात लिहिलेली, फळ्यावरून उतरवलेली. वही बघून मी तिला "वाचता येतं" मध्येच टाकलं असतं. त्या दिवसापासून मी वह्या, मार्क, शाळेचा शेरा यातलं काहीही खाली टाकत नाही.

खर्च लिहिताना बिलं नका बघू, काय काय लागलं ते बघा

स्वयंपाकाचं सामान लिहितो तसं. घरात होतं म्हणून तेल फुकट होत नाही. सोसायटीने हॉल फुकट दिला, तर तो भाड्याने घ्यायचा झाला असता तर किती पडले असते तो आकडा लिहा. आपल्या निवृत्त काका-काकू शनिवारी येऊन शिकवतात, त्यांच्या वेळेचीही किंमत धरा. कारण उद्या हेच काम कळव्याला किंवा तुर्भ्याला करायचं म्हटलं की तिथे हॉल आणि काका दोन्ही नसतील, मग खर्च एकदम वाढला म्हणून बोंब होते. तो वाढलेला नसतो, आधी लिहिलेला नसतो.

एकदाच घेतलेली वस्तू तिच्या आयुष्यावर वाटायची. ९,००० चा टॅब ३ वर्षं चालणार असेल तर वर्षाला ३,०००. पण इथे प्रामाणिक राहा, चालतो म्हणजे मुलांच्या हातात चालतो. एका शाळेत आम्ही बघायला गेलो तर टॅब स्टीलच्या कपाटात एकावर एक रचलेले, कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे त्या बाई रजेवर, आणि चार्जिंगच्या वायरी एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंता होऊन पडलेल्या. कागदावर त्यांचं आयुष्य ३ वर्षं होतं. प्रत्यक्षात वापर आठवड्यातून एक तास, तोही किल्ली असेल तर.

आणि लोकांचा खर्च. शिबिराला यायला दिवा गावात राहणाऱ्या बाईला खाडा पडत असेल तर ती त्या दिवसाची मजुरी गेली, संस्थेच्या वहीत ती कधीच दिसत नाही. दोन शिबिरांची तुलना करताना एक कामाच्या दिवशी सकाळी असेल आणि एक रविवारी, तर हा एक आकडा सगळं फिरवू शकतो. म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा, आपला खर्च आणि सगळ्यांचा मिळून खर्च.

देखरेखीचा खर्च लपवू नका, आणि त्याला वायफळही समजू नका. सीएसआरच्या नियमात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे, एखाद्या प्रकल्पाच्या आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापनावर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. तरी बरेच जण तोच ५ टक्क्यांचा चाप संस्थेच्या सुपरवायझरच्या पगाराला लावतात. मग वर्ग बघायला कोणी जात नाही, ताई एकटी पडते आणि डिसेंबरपर्यंत वर्ग ढेपाळतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

आपण नसतो तर काय झालं असतं

हाच खरा अवघड भाग, आणि इथेच सगळे घसरतात. मूल वर्षभरात थोडं तरी शिकतंच, शाळा असते, मोठी बहीण असते, वय वाढतं. ते सगळं आपल्या खात्यावर जमा करायचं नाही. त्यासाठी तशीच मुलं हवीत ज्यांना आपला उपक्रम मिळाला नाही, आणि तीच चाचणी त्यांचीही घ्यायची, सुरुवातीला आणि शेवटी.

"तशीच" मुलं म्हणजे काय? जे पालक स्वतःहून नाव नोंदवायला आले त्यांची मुलं आणि जे आले नाहीत त्यांची मुलं सारखी नसतात, पहिल्या घरात अभ्यासाकडे लक्ष आधीच जास्त असतं. यावर उत्तम उपाय आपल्या नवी मुंबईकरांना समजवायलाच नको, सिडकोची लॉटरी. ज्यांना घर लागलं आणि ज्यांना नाही लागलं, दोघांनीही फॉर्म भरला होता, दोघांचीही ऐपत साधारण तीच, फरक फक्त नशिबाचा. तसंच करा. ८० जागा आणि १६० नावं आली असतील तर पालकांसमोर चिठ्ठ्या टाका, उरलेल्या ८० जणांना पुढच्या वर्षी घ्या आणि हे आधीच सांगा. भांडणं होत नाहीत, उलट वशिल्याने घेतलं ही कुजबुज बंद होते, आणि तुम्हाला तुलनेचा गट आपोआप मिळतो. चिठ्ठ्या शक्यच नसतील तर निदान शेजारच्या तशाच वस्तीतली मुलं घ्या, पण मग निकालावर थोडा कमी भरवसा ठेवा.

आता एक हिशोब सगळा मांडून बघू

आकडे मी सोपे धरलेत, तुमचे वेगळे येतील, पण पद्धत कळेल.

टॅबचा उपक्रम: ४० टॅब, वर्षाला वाटून १,२०,००० रुपये. अ‍ॅपचे ३०,०००, दुरुस्ती २०,०००, बघायला एक जण ८,००० महिना १० महिने म्हणजे ८०,०००. एकूण २,५०,०००. मुलं २००.

ताईंचे वर्ग: वस्तीतल्याच ४ ताई, ६,००० महिना, १० महिने, २,४०,०००. ट्रेनिंग आणि देखरेख ६०,०००, पुस्तकं-साहित्य २०,०००, हॉलचं भाडं धरलं ३०,०००. एकूण ३,५०,०००. मुलं ८०.

दर मुलामागे बघा, टॅब १,२५०, वर्ग ४,३७५. मीटिंग इथेच संपते, टॅबला मंजुरी.

पुढे जाऊ. टॅबच्या २०० मुलांतली ७० जूनमध्येच वाचत होती, उरलेल्या १३० पैकी वर्षअखेरीला ४० वाचायला लागली. ताईंनी कच्चीच मुलं घेतली होती, ८० मध्ये ८ वाचणारी, उरलेल्या ७२ पैकी ४४ वाचायला लागली. नव्याने वाचणाऱ्या एका मुलामागे टॅब ६,२५० आणि वर्ग साधारण ७,९५५. अंतर बरंच कमी झालं, पण अजून टॅबच स्वस्त दिसतो.

आता तुलनेचा गट आणा. समजा ज्यांना काहीच मिळालं नाही त्या न वाचणाऱ्या १०० मुलांतली २० वर्षभरात आपली आपण वाचायला लागली. म्हणजे टॅबच्या १३० मधली २६ तशीही लागली असती, आपल्यामुळे १४. वर्गाच्या ७२ मधली १४ तशीही लागली असती, आपल्यामुळे ३०. आता भागाकार करा. टॅब १७,८५७ रुपये, वर्ग ११,६६७.

बाजी उलटली! तेच पैसे, तीच मुलं, फक्त खाली टाकलेला आकडा बदलला. आणि यातही वर्गावर थोडा अन्यायच आहे, कारण ताईंची मुलं जास्त कच्ची होती, ती आपली आपण शिकण्याची शक्यता २० टक्क्यांपेक्षाही कमी असणार. जमलं तर कच्च्या मुलांची तुलना कच्च्याच मुलांशी करा.

पण इथे थांबू नका. आकडे हलवून बघा. तुलनेच्या गटात २० ऐवजी १०च मुलं शिकली असती तर? टॅब साधारण ९,२५९, वर्ग ९,४५९, जवळजवळ बरोबरी. ३० शिकली असती तर? टॅबच्या १३० मधली ३९ तशीही शिकली असती, आपल्यामुळे फक्त एक मूल, अडीच लाखात. वर्ग मात्र १६,००० च्या आत राहतो. म्हणजे सगळा निर्णय त्या एका आकड्यावर उभा आहे, ज्याची मीटिंगमध्ये कोणी चौकशीही करत नाही. तुमच्या तक्त्यातला असा आकडा कुठला ते शोधा आणि वेळ आणि मेहनत तो नीट मोजण्यात घाला, चहा-बिस्किटांच्या बिलात नाही.

दुसऱ्यांनी काढलेले आकडे वापरताना

सगळंच स्वतः मोजायला हवं असं नाही, इतरांनी केलेलं काम आहे, आणि यातलं बरंचसं आपल्या अंगणातलं. वर टॅब विरुद्ध ताई हे उदाहरण मी उगाच घेतलं नाही. प्रथमचा बालसखी उपक्रम, मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत, वस्तीतली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना दिवसाला दोनेक तास वेगळं बसवून पायाभूत गोष्टी शिकवायची. त्याच अभ्यासात वडोदऱ्याला कॉम्प्युटरवर गणिताचे खेळ हाही उपक्रम तपासला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास, २००७ मध्ये छापला गेला, आणि याच दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखीचा खर्च मुलामागे वर्षाला १०७ रुपये, कॉम्प्युटरचा ७२२. दुसऱ्या वर्षी बालसखीने मार्क ०.२८ स्टँडर्ड डेव्हिएशनने वाढले, कॉम्प्युटरने गणिताचे ०.४७ ने. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे मार्क सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप, वेगवेगळ्या परीक्षा एका पट्टीवर आणायला वापरतात. तर कॉम्प्युटरचा परिणाम मोठा, पण दुप्पटही नाही, आणि खर्च जवळजवळ सातपट. कॉम्प्युटर वाईट असं मी म्हणत नाही, पण तेवढ्याच पैशात बालसखी खूप जास्त मुलांपर्यंत पोचते. आणि अजून एक, उपक्रम संपून वर्ष झाल्यावर परत मोजलं तर परिणाम बराच ओसरून साधारण ०.१ वर आला होता. म्हणून चाचणी फक्त शेवटच्या आठवड्यात घेऊन मोकळं व्हायचं नाही, जमेल तर वर्षाने परत घ्या.

ते १०७ रुपये २००० नंतरच्या एक-दोन वर्षांतले आहेत बरं का, आज तेवढ्यात दोन वडापाव आणि कटिंग येईल. जुना आकडा घेताना महागाई धरून आजच्या भावात आणा, आणि दोन वेगळ्या सालांचे आकडे तसेच शेजारी शेजारी ठेवू नका.

जागाही बघा. केनियातल्या शाळांत जंताच्या गोळ्या दिल्या तर गैरहजेरी एक चतुर्थांशाने कमी झाली आणि शाळेचं एक जास्तीचं वर्ष ३.५० डॉलरमध्ये पडलं, हा २००४ चा आकडा फार प्रसिद्ध आहे. त्यात एक छान गोष्ट होती, गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही फायदा झाला कारण जंत पसरायचे कमी झाले, आणि तो शेजारचा फायदा मोजला नसता तर उपक्रम खूप कमी दिसला असता. पण २०१५ मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली आणि जाणकारांत बराच वाद झाला. शिवाय तिथे जंतांचं प्रमाण भयंकर होतं. आपल्याकडे शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला गोळी मिळतेच, मग घणसोलीत आपण वेगळी वाटून ३.५० डॉलरवाला चमत्कार होईल असं धरणं चूक.

गडचिरोलीचा आकडा मात्र मी सगळ्यांना सांगते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरी काळजी घेतली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. बाळामागे ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. १८ गुणिले ५.३, साधारण ९५ डॉलरमध्ये एक जीव. ५.३ हा खर्च आणि ९५ हा परिणामाचा भाव, दोन्ही आकडे असे शेजारी शेजारी लिहायची सवय लावा. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात त्याची मुळं या कामात आहेत.

वाचन आणि लसीकरण एकमेकांशी कसं ताडायचं? या हिशोबाने नाही ताडता येत. आरोग्यात निरोगी आयुष्याची किती वर्षं वाचली असं एक माप वापरतात, त्याने दोन आरोग्य उपक्रम एका पट्टीवर येतात, पण मूल वाचायला लागणं मोठं की न्यूमोनिया टळणं मोठं हे माणसांनी बसून ठरवायचं. आधी ते ठरवा, मग त्यातला सगळ्यात स्वस्त रस्ता हिशोबाने शोधा.

गळालेली मुलं

हे शेवटी लिहितेय पण पहिल्या दिवसापासून करायचं आहे. नाक्यावर काम करणाऱ्यांची मुलं वर्षाच्या मध्येच जातात, गावाला, भिवंडीला, जिथे काम असेल तिथे. एप्रिलमध्ये चाचणी घेतली की उरलेलीच मुलं सापडतात आणि उरलेली सहसा बरी शिकलेली असतात, आकडा फुगतो. एका वर्षी आमचा निकाल इतका छान आला की मी पेढे आणायला सांगितले होते, मग हजेरीपट काढून बसले तर जूनमधली १९ नावं एप्रिलच्या यादीत नव्हती. त्यातल्या ११ जणांना शोधून काढलं, रबाळ्याला, मुंब्र्याला, दोघं तर त्याच गल्लीत होती, फक्त वर्गाला यायची बंद झालेली. त्यांनाही तोच परिच्छेद वाचायला दिला. दोघांना जमला.

तेव्हा जूनच्या यादीत प्रत्येक मुलापुढे दोन फोन नंबर घ्या, एक आईचा आणि एक शेजारच्या दुकानदाराचा किंवा मामाचा, आणि गावाचं नाव. निकाल लिहिताना खाली जूनचा पूर्ण आकडा ठेवा. आणि जी मुलं सापडलीच नाहीत त्यांना "वाचता येत नाही" मध्ये धरून एकदा हिशोब करा, मग तुलनेच्या गटातही अगदी तसंच करा, आणि दोन्ही उत्तरं मीटिंगमध्ये ठेवा.